पवनारचे शेवटचे आठ दिवस : विनोबांच्या प्रयाणाचा अभ्यास

५ नोव्हेंबर १९८२ रोजी वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात आचार्य विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी त्यांचे वय ८७ वर्षांचे होते. डॉक्टरांनी तातडीने उपचार सुरू केले, दुखण्याला थोडा उतारही पडला, आणि हे संकट निभावेल असे आसपासच्या मंडळींना वाटू लागले असतानाच ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. डॉक्टरांनी समजावले, सहकाऱ्यांनी विनवले, देशातल्या मोठमोठ्या माणसांनी निर्णय बदलण्याची गळ घातली. पण त्यांचा नकार कायम राहिला. १५ नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी आश्विनातली अमावास्या, म्हणजे दिवाळीतले लक्ष्मीपूजन आणि महावीरांचा निर्वाणदिन होता.

घटना एवढीच आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला ठाऊकही आहे. तिच्याकडे बहुतेकदा दोनच नजरांनी पाहिले जाते. भक्तांच्या लेखी हा योगी पुरुषाचा इच्छामृत्यू होता, तर टीकाकारांच्या लेखी एका हट्टी वृद्धाने स्वतःवर केलेला अत्याचार. या दोन्ही निवाड्यांना माझी अडचण एकच आहे, ती म्हणजे ते फक्त त्या आठ दिवसांकडे पाहतात. श्रद्धेने जगलेल्या माणसाला अखेरीस देवाशी समेट कसा लाभतो हे समजून घ्यायचे असेल, तर ते आठ दिवस हा प्रकरणाचा सर्वांत लहान भाग आहे. आपल्याकडे गावाला जाण्याआधी किंवा जबाबदारी सोडण्याआधी माणूस जी निरवानिरव करतो, तशी निरवानिरव विनोबा किमान सोळा वर्षे करत होते, आणि तिची मुळे त्याहूनही बरीच मागे जातात.

तांदळाचे लाख दाणे

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे या गावी झाला. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण भक्तीने भरलेल्या होत्या; वडील नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे, मोजूनमापून चालणारे. त्या घरातली एक हकीकत विनोबा पुढे अनेकदा सांगत असत. आईने देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचे व्रत घेतले होते आणि ती रोज एकेक दाणा मोजून वाहत असे. ते पाहून वडिलांनी सुचवले की एक तोळा तांदूळ घ्यावा, त्यात किती दाणे भरतात ते मोजावे आणि त्या हिशोबाने लाख दाण्यांचे वजन करून टाकावे. कमी पडायला नको म्हणून हवे तर अर्धा तोळा जास्त घालावा. आईला यावर उत्तर सुचले नाही. संध्याकाळी तिने ‘विन्या’ला विचारले, तेव्हा मुलगा म्हणाला की हे गणिताचे काम नाही, प्रत्येक दाण्याबरोबर मन देवाकडे जाते, म्हणून दाणे एकेक करूनच मोजायला हवेत. आईला ते इतके पटले की तिने तेच उत्तर नवऱ्याला ऐकवले.

ही हकीकत मी पुढच्या सगळ्या गोष्टींच्या आधी मांडतो, कारण तिच्यात विनोबांच्या अखेरच्या वर्तनाची किल्ली आहे. घाऊक भक्तीवर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. जे करायचे ते रोज आणि थोडे थोडे, पण खंड न पाडता करायचे, हा त्यांचा स्वभाव होता. आई १९१८ साली वारली. तिचे अंत्यसंस्कार भटजींकडून करवून घेण्याचे घरात ठरले तेव्हा विनोबांना ते मान्य झाले नाही आणि ते स्मशानात गेले नाहीत; घरीच राहून त्यांनी वेद आणि गीता वाचली. १९४७ मध्ये धुळ्याला वडील वारले तेव्हा अस्थी गोदावरीत सोडण्याची चर्चा निघाली. विनोबांनी ती बाजूला सारली, अंगणात खड्डा खणून अस्थी मातीत पुरल्या आणि वर तुळस लावली. मरणाच्या बाबतीत रूढी बाजूला ठेवून आपल्या समजुतीप्रमाणे वागण्याचा धीर या माणसात तरुणपणापासून होता. १९८२ चा नकार म्हणूनच अवचित आलेला वाटत नाही.

धुळ्याचा तुरुंग, १० एप्रिल १९३२

१९३२ मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा धुळे तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांची अठरा प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आठव्या अध्यायावरचे प्रवचन १० एप्रिलचे होते. अंतकाळी जो माझे स्मरण करत देह सोडतो तो मलाच मिळतो, असे या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात. हे वचन सामान्य माणसाला फार सोयीचे वाटते, कारण शेवटच्या क्षणी नाव घेतले की काम झाले, असा त्याचा अर्थ काढता येतो. विनोबांनी त्या रविवारी ही पळवाटच बंद केली. अखेरच्या क्षणी मनात काय येईल ते त्या क्षणी ठरत नाही. आयुष्यभर ज्या संस्कारांचा साठा केला त्यातला जो सर्वांत बळकट असेल तोच वर येतो, असे त्यांनी सांगितले. मरण टाळता येत नाही म्हणून माणूस मरणाचा विचार टाळतो, हे सांगताना त्यांनी फ्रेंच विचारवंत पास्कलचा दाखला दिला आणि लगेच पैठणच्या एकनाथांची गोष्ट सांगितली. तुमचे जीवन इतके निष्पाप कसे, असे विचारणाऱ्या माणसाला नाथांनी तू सात दिवसांत मरणार असे सांगितले, आणि त्या सात दिवसांत त्या माणसाच्या मनात पापाला सवडच झाली नाही. शेवटचा दिस गोड व्हावा म्हणून केलेला तुकोबांचा अट्टाहासही तिथे होताच.

आता कालमान पाहा. हे बोलणारा माणूस ३६ वर्षांचा होता, तुरुंगात होता आणि समोर बसलेले श्रोतेही कैदीच होते. त्याने सांगितलेल्या गोष्टीची परीक्षा व्हायला अजून पन्नास वर्षे होती. मरणावर सुंदर बोलणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण बोलल्यानंतर पन्नास वर्षे त्याच वाक्यांना बांधून राहण्याचे उदाहरण विरळा. झोपेला विनोबा रोजचे लहान मरण समजत आणि निजताना मन देवाच्या हवाली करून निजत. पहाटेच्या प्रार्थनेत ईशावास्य उपनिषद असे, आणि त्या उपनिषदाच्या शेवटी मरणाऱ्या माणसाचीच प्रार्थना आहे. प्राण वाऱ्यात मिळो, या शरीराची राख होवो, आणि हे मना, केलेल्या कर्मांचे स्मरण कर, अशी ती आहे. गांधींच्या सांगण्यावरून विनोबांनी या उपनिषदावर वृत्ती लिहिली होती, त्यामुळे अर्थ न कळता होणारे ते पठण नव्हते. दिवसाचा आरंभच मरणाच्या प्रार्थनेने करण्याची सवय ज्याला अनेक दशकांची आहे, त्याला ती प्रार्थना अंथरुणावर नव्याने शिकावी लागत नाही.

दोन रंगीत तालमी

१९३८ मध्ये विनोबांची प्रकृती फारच ढासळली होती. वजन ८८ पौंडांवर आले होते आणि गांधींनी त्यांना हवापालट करण्याचा आग्रह धरला. थंड हवेच्या ठिकाणी न जाता त्यांनी पवनारला जमनालाल बजाज यांच्या टेकडीवरच्या बंगल्यात राहण्याचे पत्करले. मोटार धाम नदीवरच्या पुलावरून जात असताना त्यांनी तीन वेळा ‘संन्यस्तं मया’ असे म्हटले आणि डोक्यातली सगळी कामे, आश्रमाच्या चिंता आणि विचारांची गर्दी तिथेच सोडून दिली. पुढचे काही महिने ते जमीन खणत राहिले, नेमका आहार घेत राहिले, आणि वजन पुन्हा चढले. त्या खणण्यात जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या. त्यांतल्या एका शिळेवर त्यांना राम आणि भरत यांच्या भेटीचा प्रसंग दिसला. आणि याच भेटीचे चित्र कुणी तरी काढावे असे ते धुळ्याच्या प्रवचनात बोलून गेले होते. त्यांनी ती देवाची देणगी मानली आणि तिची स्थापना केली. योगायोग म्हणावा की प्रसाद, हे वाचकाने ठरवावे. अभ्यासाच्या दृष्टीने मला पुलावरचा क्षण अधिक मोलाचा वाटतो. संन्यास ही त्यांच्या लेखी एकदाच करायची गोष्ट नव्हती, आणि सोडून देण्याने माणूस मरतोच असे नाही, उलट जगूही शकतो, याचा अनुभव त्यांनी तिथे घेतला.

दुसरा प्रसंग डिसेंबर १९५२ मधला, तेव्हाच्या बिहारातल्या चांडिल इथला. भूमिहीनांसाठी जमीन मागत फिरणारी भूदान पदयात्रा ऐन भरात असताना त्यांना घातक हिवतापाने गाठले. तेव्हाही त्यांनी आरंभी औषध नाकारले; देव एक तर हा देह नेईल किंवा शुद्ध करून पुन्हा कामाला लावील, अशी त्यांची भूमिका होती. ताप चढला, आता निघायची वेळ आली असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांनी स्वतःला उठवून बसवायला सांगितले आणि बसल्याबरोबर त्यांचे ध्यान लागले, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. पण देशभरातून आलेल्या विनंत्यांपुढे त्यांनी नमते घेतले आणि औषध घेतले.

१९८२ च्या नकाराचा विचार करताना चांडिल विसरून चालत नाही. औषधालाच विरोध असता तर तीस वर्षांपूर्वी तो मोडला नसता. १९५२ मध्ये ५७ वर्षांच्या माणसापुढे अर्धवट राहिलेले काम होते, लोकांचा हक्काचा आग्रह होता, आणि देहाचा उपयोग अजून संपलेला नव्हता. १९८२ मध्ये यातले काहीच नव्हते. एकाच माणसाने एकाच प्रश्नाला दोन वेळा दोन वेगळी उत्तरे दिली, आणि दोन्ही वेळी देह आपला नाही, ज्याने दिला त्याचा आहे, हाच त्यांच्या विचाराचा पाया होता. केवळ हट्टाने वागणारा माणूस पहिल्या वेळीच अडून बसला असता.

निरवानिरव

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात रामचंद्र रेड्डी यांनी हरिजनांसाठी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झाले, तो इतिहास इथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. तेरा वर्षे देशभर चालून १९६४ मध्ये विनोबा पवनारला परतले. १९५९ मध्ये त्यांनीच तिथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले होते, जिथे स्त्रिया एकत्र राहून साधना करतात, स्वतः शेती आणि छपाई करतात आणि निर्णय सर्वसंमतीने घेतात.

इथून पुढचा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. ७ जून १९१६ रोजी ते गांधींना पहिल्यांदा भेटले होते. बरोबर पन्नास वर्षांनी, ७ जून १९६६ रोजी, त्यांनी सूक्ष्मात प्रवेश करत असल्याचे जाहीर केले, म्हणजे संस्था चालवणे, पत्रव्यवहार आणि योजना यांतून हात काढून घेतला. १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला. ज्या माणसाने हजारो मैल पायी तुडवले तो आता पवनारची हद्द ओलांडणार नव्हता. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन. आधी सत्ता सोडली, मग हिंडणे सोडले, मग बोलणे सोडले. आहार तर आधीपासूनच पोटाच्या दुखण्यामुळे मोजून घेतलेल्या दह्या-मधावर आला होता. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये सोडण्यासारखे जे उरले होते ते एवढेच.

माणसाची म्हातारपणीची अशांती बहुधा इथूनच येते की या गोष्टी त्याच्याकडून काढून घेतल्या जातात. मुलगा दुकानाच्या चाव्या घेतो, गुडघे हिंडणे थांबवतात, ऐकू येईनासे झाले की बोलणेही आटते, आणि प्रत्येक वेळी मनात एक ओरखडा उमटतो. विनोबांनी प्रत्येक गोष्ट हिसकावली जाण्याच्या आधी स्वतःहून परत केली, तीही घाई न करता, दोन टप्प्यांत चार-चार वर्षांचे अंतर ठेवून. देवाशी समेट या शब्दांना त्यांच्या बाबतीत काही ठोस अर्थ असेल तर तो या परताव्यात आहे. देवाकडून काही मिळवण्याचे बाकी नव्हते आणि त्याचे म्हणून जे जवळ होते तेही देऊन झाले होते.

याच काळातला एक समाधानाचा क्षण त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षे होत असताना, जैन धर्माच्या सर्व पंथांना मान्य होईल असा एक सारग्रंथ तयार व्हावा असा त्यांचा आग्रह होता. मुनींनी आणि विद्वानांनी एकत्र बसून १९७४ मध्ये ‘समणसुत्तं’ सिद्ध केला. आयुष्यात आपल्याला अनेक समाधाने मिळाली, पण हे अखेरचे आणि कदाचित सर्वोत्तम समाधान होय, अशा अर्थाचे त्यांनी त्या वेळी लिहिले. जन्माने ब्राह्मण, गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद करणारा, कुराण मुळातून वाचणारा हा माणूस आपले सर्वोत्तम समाधान जैन ग्रंथाच्या एकमताला म्हणतो, आणि पुढे आहारत्यागाने, महावीरांच्याच निर्वाणदिनी देह ठेवतो. ज्या सल्लेखनेला, म्हणजे आहार सोडत शांतपणे देह ठेवण्याच्या व्रताला, जैन परंपरेत शतकानुशतकांचा मान आहे तिचा ठसा या निर्णयावर स्पष्ट दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जे हिशोब जुळले नाहीत

इथवरची मांडणी कुणाला चरित्रातल्या गौरवासारखी वाटेल, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. भूदानात पाच कोटी एकर जमीन मिळवण्याचे उद्दिष्ट होते. मिळाली ती ४० लाख एकरांहून थोडी अधिक, आणि तीतलीही बरीच पडीक, वादातली किंवा कागदावरच राहिलेली. गावाची जमीन गावाच्या मालकीची करण्याच्या ग्रामदानाची लाट बिहारात उसळली आणि ओसरली. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनावरून सर्वोदय परिवार दुभंगला आणि जे सहकारी वर्षानुवर्षे बरोबर चालले होते ते समोरासमोर उभे ठाकले. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा विनोबांचे मौन चालू होते. त्यातच त्यांच्या नावावर ‘अनुशासन पर्व’ (शिस्तीचा काळ) हे शब्द आले आणि सरकारने ते भिंतीभिंतींवर रंगवले. राज्यकर्त्यांचे ते शासन आणि आचार्यांचे ते अनुशासन, असा खुलासा त्यांनी मौन सुटल्यावर केला, पण तोवर त्या दोन शब्दांचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. मौन आणि सूक्ष्मप्रवेश ही वैयक्तिक साधना म्हणून कितीही थोर असली, तरी तुरुंग भरत असताना देशातल्या सर्वांत मोठ्या नैतिक आवाजाने तसे राहावे हे मला आजही पटत नाही, आणि अखेरच्या शांतीमुळे तो आक्षेप पुसला जातो असेही मी मानत नाही.

पण या प्रकरणातून मला जे सापडले ते नेमके इथेच. विनोबांची अखेरची शांती कार्यसिद्धीवर उभी नव्हती. त्या काळच्या महाराष्ट्रातले दुसरे गाजलेले प्रायोपवेशन, म्हणजे अन्न सोडून मरणाला सामोरे जाणे, तुलनेला घ्या. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १ फेब्रुवारी १९६६ पासून अन्न आणि औषध थांबवले आणि २६ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. आपली भूमिका त्यांनी आधीच लेख लिहून मांडली होती. जीवितकार्य संपले, शरीर थकले, तेव्हा कृतार्थपणे आणि स्वेच्छेने जाणे ही आत्महत्या नव्हे, असा त्यांचा बुद्धिवादी युक्तिवाद होता. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसतात. मात्र सावरकरांचा आधार ‘काम झाले’ हा होता, आणि विनोबांचे काम झालेले नव्हते, हे त्यांच्यासह सगळ्यांना दिसत होते. तरीही ते शांतपणे गेले, कारण फळाचा हिशोब आपल्याकडे नाही हे गीतेचे म्हणणे त्यांनी नुसते शिकवले नव्हते. ज्या श्रद्धावान माणसाच्या पदरी अपयश आले आहे त्याच्या दृष्टीने सावरकरांपेक्षा विनोबांचे उदाहरण म्हणूनच अधिक कामाचे आहे.

आठ दिवस आणि त्यांवरचे आक्षेप

पहिला आक्षेप असा की हा उपोषणाचाच एक प्रकार होता. तो तपासायला १९७९ चा प्रसंग उपयोगी पडतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये गोवधबंदी व्हावी म्हणून विनोबांनी उपोषण केले होते आणि केंद्र सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर पाचव्या दिवशी सोडले होते. त्यात मागणी होती, मुदत होती आणि समोर सरकार होते. १९८२ मध्ये कुणाकडे कसलीच मागणी नव्हती. म्हणून ते सोडवायला कुणी फळांचा रस घेऊन येऊ शकत नव्हते. कुणाचाही नाइलाज करण्यासाठी न केलेला हा आयुष्यातला त्यांचा बहुधा सर्वांत खासगी उपवास होता, आणि नेमका तोच सगळा देश पाहत होता.

दुसरा आक्षेप कायद्याचा. तेव्हाच्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पवनारला कुणी तो लावायला गेले नाही. पण प्रश्न मिटला नव्हता. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांचा संथारा, म्हणजे सल्लेखनाच, आत्महत्येच्या व्याख्येत बसवला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नकोत असे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. तरीही पाणी नाकारणे आणि व्हेंटिलेटर नाकारणे यांत अंतर आहे, आणि विनोबांनी ते अंतर ओलांडले होते हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. डॉक्टरांच्या नजरेने पाहिले तर सुधारू लागलेला रुग्ण हातातून गेला. त्यांची तगमग चुकीची नव्हती. रुग्ण आणि वैद्य दोघेही आपापल्या धर्माने वागत असताना असा पेच पडतो.

तिसऱ्या मुद्द्याला आक्षेप म्हणू नये, पण तो टाळूनही चालणार नाही. धुळ्याच्या तुरुंगात आठव्या अध्यायाचे प्रवचन ज्यांच्या हाताने कागदावर उतरले, त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःहून आपली जीवनयात्रा संपवली. श्रद्धा त्यांच्यापाशी कमी नव्हती, माया तर विनोबांहून कदाचित जास्तच होती, आणि मरणाच्या तयारीचे ते शब्द त्यांनी स्वतः ऐकले आणि लिहिले होते. गांधीहत्येनंतर एकवीस दिवसांचा उपवास केलेल्या त्या कोवळ्या मनाने देशाचे दुःख स्वतःवर घेतले आणि ते त्याला पेलले नाही. त्यांच्याविषयी निवाडा करण्याचा अधिकार मला वाटत नाही. एवढेच म्हणतो की श्रद्धेने जगला म्हणजे अखेर शांत होतेच, असे समीकरण या दोन मित्रांकडे एकत्र पाहिल्यावर टिकत नाही. एकाने दुःखाच्या भरात जगाकडे पाठ फिरवली, दुसऱ्याने सोळा वर्षे जगाचा सावकाश निरोप घेतला; त्या दोघांच्या जाण्याला एकच नाव देणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

त्या आठ दिवसांत आश्रमात काय घडत होते, तर नेहमीचेच. प्रार्थना आणि पठण चालू होते, आणि ‘राम-हरि’ हा जो जप विनोबांनी श्वासाशी जोडून घेतला होता तो चालू होता. कसला साक्षात्कार जाहीर झाला नाही, अखेरचा संदेश म्हणून काही सांगितले गेले नाही. संतचरित्रांच्या सवयीने आपल्याला तिथे एखादा चमत्कार हवासा वाटतो. चमत्काराची जागा त्या दिनक्रमात नव्हती, आणि मला तरी हीच गोष्ट सर्वांत पटण्याजोगी वाटते: तांदळाचा एकेक दाणा मोजणाऱ्या घरातल्या माणसाचा अखेरचा आठवडा त्याच्या कोणत्याही इतर आठवड्यासारखाच होता, फक्त त्यातून जेवण वजा झाले होते.

हा दाखला आज घरोघरी दिला जातो तेव्हा मात्र मला धास्ती वाटते. पंच्याऐंशीच्या घरातल्या आजोबांनी ताट परत पाठवायला सुरुवात केली की ‘विनोबांसारखे’ असे कौतुकाने म्हणणारी माणसे भेटतात. पवनारच्या प्रकरणात काही गोष्टी एकत्र आल्या होत्या. मन शेवटपर्यंत स्वच्छ होते, वेदनेपासून किंवा एकटेपणापासून पळ नव्हता, आपण कुणाला ओझे झालो आहोत ही बोच नव्हती, सेवेला तत्पर असा मोठा परिवार भोवती होता, आणि निर्णयामागे अर्ध्या शतकाचा उघड, सर्वांना माहीत असलेला विचार होता. यातली एखादीही गोष्ट नसेल, विशेषतः ओझ्याची बोच असेल, तर ते प्रायोपवेशन नव्हे. अशा आजोबांच्या खोलीत आधी डॉक्टरांनी यायला हवे, कारण म्हाताऱ्या माणसाची भूक मरण्यामागे बऱ्याचदा औषधाने बरे होणारे नैराश्य असते. आणि डॉक्टरांच्या बरोबर मुलानेही यायला हवे, खुर्ची ओढून बसायला हवे, आणि ताट परत का जाते आहे ते विचारायला हवे.